वरच्या खिडकीतला हात

"हात जरा बायकी वाटतो, नाही का ताई?" फादर म्हणाले, आणि ठकूच्या हातातली पक्कड होती तिथेच थांबली.

वाक्य तसं साधंच होतं. माणूस शिंप्याकडे जाऊन बाही जरा सैल वाटते म्हणतो, तितक्या सहज ते म्हणाले होते. कारखान्यातल्या मोठ्या टेबलावर, ज्याच्या काचेखाली दिवे लावलेले असतात, चर्चच्या वरच्या, रंगीत काचांच्या खिडकीचा मधला भाग पसरलेला होता. वादळात बाहेरच्या झाडाची फांदी येऊन आदळली होती. ढग वाचले होते, किरणं बरीचशी वाचली होती, आणि नेमका हात फुटला होता. देवपित्याला कुणी पाहिलेलं नाही, तेव्हा त्याचा चेहरा काढायचा नाही, ढगातून खाली आलेला फक्त एक हात काढायचा, ही खिडक्या करणाऱ्यांची जुनी रीत; ठकूच्या बाबांनी ती पाळली होती. इतकी वर्षं तो हात छताजवळ उंचावर होता आणि माना वर करकरून बघणाऱ्यांना नुसता हात दिसत होता. आता तो तीन तुकड्यांत उताणा पडला होता, खालून दिवे, वरून फादरांचा चष्मा. निमुळती बोटं, अर्धवट मिटलेली. मनगटाजवळ भाजल्याचा लांबट डाग. करंगळीशेजारच्या बोटाच्या मुळाशी अंगठी काढल्यावर राहतो तसा वळ. बाबांनी वळसुद्धा सोडला नव्हता.

"देवाला अंगठी कशाला लागते?" फादर हसले, पण हसणं त्यांचं त्यांनाच आवडलं नसावं. "म्हणजे बघा, मला स्वतःला काही नाही. पण फुटला तेव्हा आपण तो खाली आणून ठेवला होता ना, तेव्हा चर्चच्या मंडळातल्या सगळ्यांनी जवळून पाहिला. त्यांचं म्हणणं पडलं की नवीन करायचाच आहे तर पित्याचा वाटेल असा करावा."

"देव पुरुष आहे का, फादर?"

"छे, छे. देव ना पुरुष, ना स्त्री. हे तर आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. शास्त्रात आईच्या उपमाही आहेत त्याला." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पण प्रभूनं पिता म्हणायला शिकवलं, आपण पिता म्हणतो. लोक वर बघून पिता म्हणतात. तोंडात एक आणि डोळ्यांपुढे दुसरं, असं कसं चालायचं? काही जण तर म्हणत होते दुसऱ्या कारखान्यातून करून घेऊ. मी म्हटलं, नाही, ही खिडकी त्यांच्या घरचीच आहे, त्याच करतील."

"बघते," ठकू म्हणाली.

"बघते" हा तिचा ठेवणीतला शब्द होता. त्यात होकार नव्हता, नकार नव्हता, आणि समोरचा मात्र काम झालं असं समजून निघून जाई. फादरही गेले. जाताना दाराशी शिशाच्या पट्ट्यांच्या भेंडोळ्याला अडखळले, सॉरी म्हणाले, तेही बहुधा भेंडोळ्यालाच. गरीब माणूस. ठकूला लेक असता तर एवढाच असता, आणि ती त्याला फादर म्हणते. ह्याच्या हनुवटीवर धड चार केस नाहीत, पण हा सगळ्या वस्तीचा बाप झाला तेव्हा कुणी टेबलावर दिवा लावून तपासलं नाही. ठकूनं पक्कड खाली ठेवली. तिला राग आला होता आणि रागाच्या खाली धास्ती होती. नवा हात करायचाच होता. जुन्या तुकड्यांवरचा रंग सुटत चालला होता, डिंकानं जोडून भागण्यातलं ते काम नव्हतं. हे तिला फादर येण्याआधीच ठाऊक होतं. पण नवा म्हणजे ह्याच रेघांवर कागद ठेवून उतरवलेला, तोच डाग, तोच वळ, असं तिनं मनाशी धरलं होतं. आता तिनं तो पुरुषाचा केला तर आई त्या खिडकीतून कायमची जाणार, आणि नाही केला तर दुसरा कोणी येऊन तिला काढणार.

कारण हात आईचा होता. हे जगात तीनच माणसांना माहीत होतं आणि त्यातलं एक आता नव्हतं. आई तेव्हा मोठ्या धुलाईघरात इस्त्रीच्या टेबलावर होती. अंगठी तापते म्हणून कामाला जाताना काढून ठेवायची. एका संध्याकाळी ती तशीच घामेजलेली कारखान्यात आली, बाबांपुढे चहा ठेवला आणि दम खात एक हात टेबलाच्या कडेवर टेकला. बाबा कित्येक दिवस हातासाठी अडून बसले होते. बेकरीवाल्याला बसवून झालं होतं, तालमीतल्या एका पठ्ठ्याला बसवून झालं होतं. पठ्ठ्याचा हात बघून ते म्हणाले होते, हा मारायला आलाय, आशीर्वाद द्यायला नाही. आईचा हात टेकला आणि ते ओरडले, "हलू नकोस!" आई हलली नाही. चहा गार झाला, बाहेर दिवे लागले, छोटी ठकू शिशाच्या कातरणांची माणसं करत टेबलाखाली बसली होती, आणि आई एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत उभी होती. "अहो, बोटं तरी सरळ करू का?" तिनं विचारलं. दिवसभर इस्त्रीची मूठ धरून तिची बोटं पुरती उघडतच नसत, झोपेतसुद्धा. "तशीच राहू दे," बाबा म्हणाले. "दिसतंय तेच काढायचं असतं." ह्या एका वाक्यावर त्यांनी जन्म काढला, कारखाना चालवला आणि बरीच गिऱ्हाइकं घालवली.

आणि मग ती अर्धी मिटलेली बोटं ढगातून खाली आली. एकामागून एक किती फादर आले, प्रत्येकानं त्या बोटांवर प्रवचन केलं. एकजण म्हणाले, देवाची मूठ पापी माणसाला मिटलेली आणि पश्चात्तापी माणसाला उघडी दिसते. दुसरे म्हणाले, देव आपल्याला सगळं एकदम देत नाही, थोडं राखून ठेवतो, बघा ती बोटं. त्या वेळी आईचे खांदे हलायला लागले होते. तिनं शालीत तोंड खुपसलं, पुढच्या बाकावरच्या बाईनं वळून तिच्या पाठीवर हात ठेवला, रडतेय असं समजून, आणि त्यावर ठकूलाही आवरेना. पण एरवी आई चर्चमध्ये हसत नसे. ती खांबामागच्या बाकावर बसायची, जिथून खिडकी दिसत नाही, आणि दोन्ही हात शालीखाली घ्यायची, उन्हाळ्यातसुद्धा. ठकूला लहानपणापासून वाटत आलं होतं की आईला लाज वाटते. ते तिनं कधी विचारलं नाही. काही गोष्टी घरात खुर्चीसारख्या असतात, त्यांना वळसा घालून जायची सवय होऊन जाते.

धर्मशिक्षणाच्या वर्गात पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं होतं, देव कुठे आहे, कोण सांगेल? ठकूनं हात वर केला. देव वर खिडकीत राहते, म्हणाली, आणि तिच्या हाताला भाजलंय. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ठकूला उभं केलं आणि शांतपणे म्हणाल्या, "राहतो. त्याच्या. परत म्हण." ठकूनं परत म्हटलं. बाई वाईट नव्हत्या, पुढे त्यांनी तिला गोळीही दिली, पण ती गोळी चघळत घरी येताना ठकूला कळलं होतं की देवासाठी दोन शब्द ठेवायला लागणार, एक घरातला, एक बाहेरचा, चपलांसारखे. तिनं ते नीट सांभाळले. चर्चमध्ये सगळ्यांबरोबर पिता म्हणायची, मोठ्यानं, खोटं न वाटता. आणि घरी भट्टीचं दार उघडताना, ताप आल्यावर, बाबा गेले त्या पहाटे, आतून जी हाक यायची ती वेगळी असायची. कधी तिला वाटायचं हे पाप आहे. कधी वाटायचं, ज्यानं आपल्याला केलं त्याला आपल्या शब्दाचं काय एवढं. पण बहुतेक वेळा तिला काहीच वाटायचं नाही, फक्त मान वर केली की हात दिसायचा आणि तो ओळखीचा असायचा. इतक्या मोठ्या चर्चमध्ये, इतक्या कडक इस्त्रीच्या लोकांमध्ये, देव फक्त तिच्या ओळखीची होती. ह्याचा तिला गर्व होता. गर्व करू नये हेही त्याच वर्गात शिकवलं होतं, ते तेवढं तिनं घेतलं नाही.

कारखाना बंद करून ती निघाली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पित्याचा हात म्हणजे कसला, हे आता बघायलाच हवं होतं. ती रस्त्यानं पुरुषांचे हात बघत चालली. पन्नाशी उलटलेल्या बाईनं असे हात न्याहाळत जाणं बरं दिसत नाही, पण कोण बघतंय. बसचा कंडक्टर दारात लोंबकळत होता, त्याची बोटं लांब, नाजूक, पेटी वाजवणाऱ्यासारखी. बेकरीवाल्याचा मुलगा आता बेकरी बघतो, त्याचे हात कणकेनं इतके मऊ झालेले की बाळंतिणीनं हेवा करावा. बँकेतून बाहेर पडलेल्या साहेबाच्या हाताला उजेडच लागलेला नव्हता. खाटकाकडे तिला फार आशा होती. तिनं काही घ्यायचं नसताना उगीच भाव विचारला, आणि त्यानं सुरी पुसत जो हात पुढे केला तो एखाद्या शाळकरी मुलीचा शोभला असता, गोल, गुबगुबीत, गालावर खळ्या पडाव्यात तशा सांध्यांवर खळ्या. "काय बघताय, ताई?" त्यानं विचारलं. "काही नाही. हात छान आहे तुमचा," ती म्हणाली, आणि तो माणूस असा काही लाजला की तिला पुढचा रस्ताभर हसू येत राहिलं. मग तिला फादरांचे स्वतःचे हात आठवले. गोरे, सडपातळ, सारखा चष्मा पुसणारे. हसता हसता तिचा राग थोडा गेला आणि त्या जागी एक हट्ट येऊन बसला.

आई खिडकीजवळ बसून शेंगा सोलत होती. म्हणजे तिच्या मते सोलत होती. बोटं आता अशी वाकली होती की एकेक शेंग तिच्याशी भांडून मगच उघडायची. ठकू तिच्यापुढे बसली आणि फादरांपासून खाटकापर्यंत सगळं एकदम सांगून टाकलं.

"बायकी?" आई म्हणाली. "माझा हात? बायकी?"

"ते म्हणतात."

"जन्मभर लोखंड उचललंय मी ह्या हातानं! चादरी, पडदे, ह्यांच्या त्या फादर लोकांचे झगे. ती इस्त्री उचलून दाखव म्हणावं एक दिवस, मग बघू कोणाचा बायकी." तिनं शेंगांचं ताट बाजूला सारलं. अपमान देवाचा झाला की आपला, हे तिला ठरवता येत नसावं. मग अचानक ती हसायला लागली. "अंगठीचा वळ दिसला का त्यांना? मी सांगितलं होतं तुझ्या बाबांना, तेवढं सोडा. ऐकतील तर शपथ."

"आई, तुला लाज वाटायची ना त्याची? म्हणून शालीत हात घेऊन बसायचीस."

"लाज?" आईनं तिच्याकडे असं बघितलं की ठकूला आपण पुन्हा टेबलाखाली बसलोय असं वाटलं. "अगं बयो, मी खांबामागे बसायची कारण समोर बसून वर बघितलं की मला हसू फुटायचं, नाहीतर रडू. आणि हात झाकायची ते ओळखू येऊ नये म्हणून. देवाचा हात म्हणून ओळखला असता लोकांनी, तर मला कपडे दिले असते का इस्त्रीला? पोट कशावर भरायचं? कधी कधी धुलाईघरात इतकं उकडायचं, पाय सुजायचे, तो मुकादम बोलायचा वाटेल ते. मी मनात म्हणायची, बोल बाबा, बोल. रविवारी तू ज्याच्यापुढे गुडघे टेकतोस ना, तो हात तुझी कॉलर करतोय."

इतकी वर्षं ठकूनं ज्या खुर्चीला वळसा घातला होता ती रिकामी तर नव्हतीच, तिच्यावर आई ताठ बसलेली होती. घरात दोन बायका एकच गर्व दोन खिशांत घेऊन राहत होत्या, एकमेकींना न दाखवता. ठकूनं आईचा हात ओढून आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, "चल उद्या कारखान्यात. पुन्हा काढते. त्यांना आवडो न आवडो."

"माझा नको आता. बघ कसा झालाय. त्यावर प्रवचन करायला गेले तर कुठल्या कुठे जातील." आईनं आपला हात सोडवून घेतला आणि ठकूचा उलटा सुलटा केला, भाजी निवडून घ्यावी तसा. "त्यांना बापाचा पाहिजे ना? ह्या घरात बाप कोण आहे आता? भट्टी कोण पेटवतं, बिलं कोण भरतं, शिडीवर कोण चढतं? तुझा काढ."

"माझा?"

"मग काय खाटकाचा?"

एकट्या चित्रकाराला एकच हात समोर ठेवता येतो, ज्यानं काढत नाही तो. दुसऱ्या दिवशी कारखान्यात ठकूनं डावा हात टेबलाच्या कडेवर ठेवला, आईनं ठेवला होता तिथेच, आणि उजव्यानं काढायला घेतला. काच मागून रंगवली की बसवताना डावा उजवा होतो, त्याची काळजी नव्हती. काळजी वेगळीच होती. आपला हात तिनं कधी बघितलाच नव्हता. तो अवजारांतलं एक अवजार होता, पक्कड, काचेची कातणी, कुंचला, हात. आता तो दिव्यांवर पडला होता आणि परका दिसत होता. सांधे पक्कडीनं जाड झालेले. अंगठ्याच्या मुळापासून तळव्यापर्यंत काचेनं कापल्याची पांढरी रेघ, बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या मोठ्या कामातली. तेव्हा तिनं फडकं बांधून ती खिडकी पुरी केली होती. नखांच्या कडांना शिसं बसलेलं, घासून न जाणारं. हा हात कुणाचा वाटतो? तिनं डोळे बारीक करून बघितलं. बाईचा? बाप्याचा? काही कळेना. काम केलेला वाटत होता. तिला मोह झाला, रेघ सोडावी, नखं स्वच्छ करावीत, देव आहे शेवटी. पण दिसतंय तेच काढायचं असतं. तिनं रेघ काढली, शिसं काढलं. बोटं मात्र तिची उघडत होती, पूर्ण, आरामात, आणि ती उघडी काढताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण आईनं इस्त्री केली म्हणून ह्या हाताला कुंचला मिळाला होता. मग एकाएकी तिला वाटलं, आपण आईला खिडकीतून काढत नाही आहोत. ती जिथून थांबली तिथून पुढे नेतोय. तिनं काच भट्टीत ठेवली आणि दार लावताना आतली नेहमीची हाक आली. ह्या वेळी ती पाप वाटली नाही.

खिडकी बसवली त्या दिवशी चर्चमध्ये मंडळातले सगळे जमले होते. आईही आली होती, खांबामागे तिच्या बाकावर, शाल घेऊन. ठकूनं शिडीवर उभं राहून शेवटचे खिळे मारले, कडेची पुट्टी अंगठ्यानं दाबली आणि खाली उतरली. बाहेर ऊन होतं. ढग उजळले, किरणं उजळली, आणि त्यातून तो हात खाली आला, रुंद, उघडा. कुणीतरी "वा" म्हणालं. फादर बराच वेळ मान वर करून उभे होते आणि वळले तेव्हा त्यांचा चेहरा खरोखर उजळला होता.

"आता कसं! हा हात बापाचा, ताई. ह्यानं धरलं तर सोडणार नाही असं वाटतं. आणि ती जखम... खूप विचार केलात तुम्ही." मंडळातल्या माना हलल्या. "कुणाचा घेतलात? वडिलांचा जुना काही होता का काढलेला?"

इथे नुसतं "हो" म्हणायचं होतं. किंवा "बघते" सारखं काहीतरी, ज्यात काहीच नसतं. काम झालं होतं, सगळे खूश होते, आणि घरातली चप्पल घरात, बाहेरची बाहेर, असं आणखी कितीही वर्षं चाललं असतं. खरं सांगितलं तर हे लोक शिडी परत लावायला सांगतील, आत्ता, आईच्या देखत. तिनं वर बघितलं. तो हात ओळखीचा होता. आईचा होता तेव्हा होता तितकाच.

"माझा," ठकू म्हणाली.

तिनं डावा हात वर केला, तळवा त्यांच्याकडे करून. उंच चर्चमध्ये तो एवढासा शब्द वरपर्यंत गेला. पांढरी रेघ सगळ्यांना दिसली. मंडळातल्या एकानं खिडकीकडे बघितलं, मग तिच्या हाताकडे, मग पुन्हा खिडकीकडे. फादरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

"मला तर..." ते म्हणाले. "मला खरंच बापाचा वाटला."

"आहेच," ठकू म्हणाली. "आणि आधीचा आईचा होता. माझ्या आईचा. तुम्हाला बरोबर दिसलं होतं, फादर."

खांबामागे हालचाल झाली. आई उठली होती. बाकाला धरत धरत ती मधल्या वाटेवर आली, जिथून खिडकी समोर दिसते, आणि पुढच्या बाकावर जाऊन बसली, जिथे ती कधीच बसली नव्हती. फादर तिच्याकडे बघत होते. त्यांनी पुन्हा एकदा वर बघितलं, बराच वेळ, ओठ हलत होते, प्रार्थना होती की नुसते शब्द शोधत होते कोण जाणे. मग ते वळले आणि चर्चच्या नोकराला, कुणाकडेही न बघता, म्हणाले, "शिडी काढून घ्या."

शिडी फरशीवरून घासत गेली. ठकू आईशेजारी बसली. आईनं शाल खांद्यावरून काढली, नीट घडी केली, इस्त्रीवालीची घडी, कोपऱ्याला कोपरा, आणि बाजूला ठेवली. मग आपले दोन्ही वाकडे हात तिनं समोरच्या कठड्यावर ठेवले, उजेडात, मंडळातल्या सगळ्यांच्या समोर.

"आई, शाल घे. गार आहे इथे."

"राहू दे गं," आई म्हणाली, वर बघत. "बघू दे आता लोकांना. इस्त्री तर कधीच सोडली."